कारागृहबांधणीचे केंद्रीय अनुदान : एक चिकित्सा

१

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत कारागृहे, सुधारगृहे, बोर्स्टल संस्था व तत्सम संस्था हा विषय राज्य सूचीच्या चौथ्या नोंदीत घातलेला आहे. १९१९ च्या सुधारणा-कायद्यानंतर तुरुंगांचा कारभार प्रांतांकडे गेला, आणि संविधानाने तीच व्यवस्था पुढे चालविली. १९८० साली नेमलेल्या न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ च्या आपल्या अहवालात हा विषय समवर्ती सूचीत घ्यावा अशी शिफारस केली होती; ती अमलात आली नाही. परिणामी, कारागृहांच्या बाबतीत केंद्र शासनाच्या हाती मुख्यतः दोनच साधने उरली : सल्ला आणि पैसा. २००३ व २०१६ च्या आदर्श कारागृह नियमपुस्तिका आणि २०२३ चा आदर्श कारागृह व सुधारसेवा अधिनियम ही सल्ल्याची उदाहरणे होत. पैशाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे २००२-०३ साली सुरू झालेली कारागृह आधुनिकीकरण योजना होय.

ह्या योजनेचे मूल्यमापन बहुधा दोन प्रकारे केले जाते. पैसा वेळेवर खर्च झाला की नाही, हे एक. आणि ठरल्याप्रमाणे इमारती उभ्या राहिल्या की नाही, हे दुसरे. दोन्ही प्रश्न योग्य आहेत, परंतु पुरेसे नाहीत. ज्या गर्दीच्या निवारणासाठी ह्या इमारती बांधावयाच्या होत्या, ती गर्दी कोणाची होती आणि इमारती उभ्या राहिल्यावर त्यांत कोण जाऊन राहिले, हा तिसरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे अनुदानाच्या संपूर्ण कल्पनेकडेच नव्याने पाहावे लागते.

२

योजनेचे स्वरूप थोडक्यात असे होते. सत्तावीस राज्यांसाठी पाच वर्षांत १,८०० कोटी रुपये खर्च करावयाचे होते. त्यांपैकी पंचाहत्तर टक्के, म्हणजे १,३५० कोटी, केंद्राने द्यावयाचे आणि उरलेला चतुर्थांश राज्यांनी घालावयाचा होता. नवी कारागृहे बांधणे, जुन्यांची दुरुस्ती व विस्तार करणे, पाणीपुरवठा व स्वच्छता सुधारणे आणि कर्मचाऱ्यांसाठी निवासस्थाने बांधणे ही तिची चार अंगे होती. पाच वर्षांत काम पुरे न झाल्यामुळे वाढीव निधी न देता तिची मुदत ३१ मार्च २००९ पर्यंत वाढविण्यात आली. अखेरीस ११९ नवी कारागृहे, जुन्या कारागृहांत १,५७२ नव्या बराकी आणि ८,५६८ कर्मचारी-निवासस्थाने बांधून झाली.

ही फलनिष्पत्ती क्षुल्लक मानणे अन्यायाचे होईल. एकोणिसाव्या शतकातील बराकींत पाळीपाळीने झोपणाऱ्या बंद्यांना त्यामुळे अंग टाकण्यापुरती जागा मिळाली. ज्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतींकडे दीर्घकाळ कोणी पाहिले नव्हते, त्यांना राहण्याजोगी घरे मिळाली. शौचालय व पाणी ह्या गोष्टींना तर कोणत्याही तात्त्विक समर्थनाची आवश्यकताच नाही. म्हणून पुढील विवेचन बांधकामाच्या विरुद्ध नाही. बांधकाम हेच गर्दीवरील उत्तर होय, ह्या गृहीताची तपासणी एवढाच त्याचा हेतू आहे.

३

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी कारागृहांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. योजनेच्या मूळ मुदतीच्या अखेरीस, म्हणजे २००७ च्या शेवटी, देशातील कारागृहांची अधिकृत क्षमता २,७७,३०४ होती आणि त्यांत ३,७६,३९६ बंदी होते. शंभर जागांमागे १३५.७ माणसे, असे हे प्रमाण पडते. २०१६ च्या अखेरीस क्षमता ३,८०,८७६ झाली, बंद्यांची संख्या ४,३३,००३ होती आणि प्रमाण ११३.७ वर उतरले. बांधकामाच्या कैवाऱ्यांना हा आकडा अनुकूल आहे, आणि तो त्यांना निःसंकोच दिला पाहिजे. परंतु २०२२ च्या अखेरीस क्षमता ४,३६,२६६ पर्यंत वाढूनही बंदी ५,७३,२२० झाले आणि प्रमाण पुन्हा १३१.४ वर गेले. पंधरा वर्षांच्या बांधकामानंतर गर्दी जवळजवळ पूर्वस्थानी येऊन थांबली.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की लोकसंख्या वाढली, गुन्हे वाढले, म्हणून बंदीही वाढले. ह्या समजुतीचे निरसन त्याच आकड्यांची फोड केल्याने होते. २००७ मध्ये न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अद्याप लागलेला नाही असे बंदी, २,५०,७२७ होते. २०२२ मध्ये ते ४,३४,३०२ झाले. ही वाढ १,८३,५७५ भरते. त्याच पंधरा वर्षांत क्षमतेत झालेली वाढ १,५८,९६२ आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. ह्या काळात निर्माण झालेली एकूण एक नवी जागा न्यायाधीन बंद्यांच्या वाढीनेच व्यापली आणि तरीही सुमारे पंचवीस हजार माणसे उरली. शिक्षा झालेल्या व इतर सर्व प्रकारच्या बंद्यांची मिळून वाढ अवघी १३,२४९ होती. दुसऱ्या शब्दांत, अनुदानाचा पैसा कागदोपत्री शिक्षेच्या अंमलबजावणीसाठी व बंद्यांच्या सुधारणेसाठी खर्च झाला. प्रत्यक्षात त्याने प्रतीक्षेची दालने बांधली.

त्यानंतरच्या एका वर्षाचा अनुभव ह्याहूनही बोधप्रद आहे. २०२३ च्या अखेरीस क्षमता ४,३९,११९ होती. म्हणजे वर्षभरात तीन हजारही जागा वाढल्या नव्हत्या. तरीही बंद्यांची संख्या ५,३०,३३३ वर आली आणि प्रमाण १२०.८ झाले. ह्या घटीचे मूळ न्यायाधीन बंद्यांच्या संख्येत आहे : ती ४,३४,३०२ वरून ३,८९,९१० वर उतरली होती. २०२० व २०२१ मध्ये महामारीमुळे मंदावलेले न्यायालयीन काम पूर्वपदावर आले, हे त्याचे एक कारण असणे संभवनीय आहे, इतरही असतील. कारणे कोणतीही असोत, हे श्रेय भिंतींचे नव्हे. बारा महिन्यांत चव्वेचाळीस हजारांवर न्यायाधीन बंदी कमी होऊ शकतात, ही गोष्ट मात्र त्यामुळे सिद्ध झाली. तेवढ्या माणसांसाठी जागा बांधावयाच्या म्हटल्या तर, २००७ ते २०२२ मधील सरासरी वेगाने, चार वर्षांहून अधिक काळ लागला असता.

४

अनुदान बांधकामाकडेच का वळते, ह्याचे उत्तर कोणाच्या हेतूंत शोधण्याचे कारण नाही. ते अनुदानाच्या प्रकृतीतच आहे. देणारा दूर असतो आणि घेणारा स्वायत्त असतो. देणाऱ्याला मुदतीच्या आत खर्चाचा पुरावा हवा असतो. इमारत मोजता येते, तिचे छायाचित्र काढता येते, तिच्या पूर्ततेचा दाखला जोडता येतो आणि विनियोग प्रमाणपत्रावर सही करता येते. वकिलाने बंद्याची भेट घेतली, वैद्याने त्याला वेळेवर तपासले, न्यायालयाच्या तारखेला त्याला पोलीस-पहाऱ्यात नेऊन हजर केले, ह्या गोष्टींचा दाखला इतक्या सहजपणे मिळत नाही. शिवाय त्या एकदा करून संपत नाहीत. दररोज कराव्या लागतात. भांडवली खर्च एकदाचा असतो, आवर्ती खर्च कायमचा असतो. आणि कायमचा खर्च राज्याने सोसावा, अशीच अशा योजनांची रचना असते.

ह्या रचनेचा परिणाम कर्मचारीवर्गात दिसतो. २०२२ च्या सुमारास देशभरातील कारागृहांतील मंजूर पदांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास पदे रिकामी होती. क्षमता वाढली म्हणजे केवळ खाटा वाढत नाहीत; पहारा, स्वयंपाक, औषधपाणी, न्यायालयातील ने-आण ह्या सर्वांचा भार वाढतो. इमारत अनुदानाने आणि माणसे राज्याच्या तिजोरीतून, अशी वाटणी झाल्यावर माणसांची बाजू लंगडी राहावी ह्यात नवल नाही. बराक वाढली आणि पहारेकरी तेवढेच राहिले म्हणजे बंद्यांना कोंडून ठेवण्याचे तास वाढतात, हे कारागृह-व्यवहाराशी परिचित असलेल्या कोणासही सांगावयास नको.

‘क्षमता’ हा शब्दही येथे तपासून घेण्याजोगा आहे. शासकीय कागदांत तो एखाद्या मापासारखा येतो. जणू धान्याच्या कोठारात किती पोती मावतात ते सांगावे. वस्तुतः क्षमता दोन प्रकारची असते. किती माणसे झोपू शकतील, ही एक. आणि किती माणसांची काळजी संस्था घेऊ शकेल, ही दुसरी. अनुदान पहिलीच मोजते. दुसरी मोजण्याची सक्ती नसल्यामुळे नवे कारागृह उघडल्याच्या दिवशीच ती अपुरी असू शकते, आणि तरीही योजनेच्या अहवालात ते कारागृह ‘पूर्ण’ म्हणून नोंदले जाते.

स्थळाच्या निवडीचाही ह्या संदर्भात विचार झाला पाहिजे. न्यायाधीन बंद्याचे काम न्यायालयाशी असते; त्याचा आधार त्याच्या घरच्या माणसांत असतो. दुय्यम कारागृहाचे महत्त्व त्यामुळेच आहे : ते तालुक्याच्या ठिकाणी, न्यायालयाजवळ असते. जमीन स्वस्त म्हणून नवे मोठे कारागृह शहराबाहेर गेले, तर प्रत्येक तारखेला पोलीस पथक व वाहन लागते, आणि पथक मिळाले नाही म्हणजे तारीख पुढे जाते. अशा वेळी क्षमता वाढविणारी इमारतच प्रतीक्षेचा काळ वाढविते, आणि प्रतीक्षा वाढली की पुन्हा क्षमता कमी पडते.

५

आता ह्या विवेचनाच्या मूळ मुद्द्याकडे वळता येईल. कारागृहे राज्यांकडे आहेत. परंतु फौजदारी कायदा व फौजदारी प्रक्रिया हे विषय समवर्ती सूचीच्या पहिल्या दोन नोंदींत आहेत. कोणास अटक करावी, कोणास जामीन द्यावा, कोणत्या अटींवर द्यावा आणि किती काळानंतर तो दिलाच पाहिजे, हे संसद ठरवू शकते. म्हणजे कारागृहाची भिंत बांधणे हे केंद्राचे काम नाही. त्याच्या दाराची रुंदी ठरविणे हे मात्र निश्चितपणे त्याच्या अधिकारात आहे. ज्या ठिकाणी अधिकार नव्हता तेथे केंद्राने पैसा ओतला, आणि ज्या ठिकाणी अधिकार होता तेथे ते सावकाश चालले. ह्या योजनेतील खरी विसंगती हीच होय.

न्यायालयांनी ह्या प्रश्नाकडे फार पूर्वी लक्ष वेधले होते. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य ह्या १९७८ च्या खटल्यात अर्जदार एक गवंडी होता. त्याच्याकडे १०,००० रुपयांचा जामीन मागण्यात आला, आणि त्याच्या भावाने देऊ केलेला जामीन परजिल्ह्यातील म्हणून नाकारण्यात आला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने जामिनाच्या व्यवस्थेतील गरिबांवरील अन्यायाची विस्ताराने चर्चा केली. त्यापुढच्याच वर्षी हुसैनारा खातून खटल्यात बिहारमधील असे बंदी न्यायालयापुढे आले, की ज्यांनी खटल्याविना काढलेली वर्षे ही त्यांना होऊ शकणाऱ्या कमाल शिक्षेहूनही अधिक होती.

संसदेने पाऊल उचलण्यास त्यानंतर पाव शतक लागले. २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३६-अ घालण्यात आले आणि ते २००६ मध्ये अमलात आले. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढलेल्या न्यायाधीन बंद्यास, देहान्ताच्या गुन्ह्यांचा अपवाद करून, मुक्त करण्याची तरतूद त्यात होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीसाठी ही मर्यादा एक-तृतीयांशावर आणली; मात्र ज्याच्यावर एकाहून अधिक खटले चालू आहेत त्याला तिचा लाभ नाकारला. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा लाभ जुन्या खटल्यांतील बंद्यांनाही मिळेल असे स्पष्ट केले.

ह्या तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी काय लागते? प्रत्येक बंद्याच्या कोठडीचे दिवस मोजणारा लिपिक लागतो, अर्ज करणारा वकील लागतो, आणि जामीन मंजूर झाल्यावर तो भरण्यास थोडा पैसा लागतो. तिसऱ्या गरजेची दखल केंद्राने २०२३ मध्ये घेतली. गरीब बंद्यांच्या साहाय्यासाठी वर्षाला २० कोटी रुपयांची योजना आखण्यात आली. त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि सिद्धदोष बंद्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत साहाय्य देता येत होते. त्याच सुमारास चालू असलेल्या, २०२१ ते २०२६ ह्या काळासाठीच्या कारागृह आधुनिकीकरण प्रकल्पाची तरतूद ९५० कोटींची, म्हणजे वर्षाला सरासरी १९० कोटींची होती, आणि तिचा मुख्य भर सुरक्षेच्या आधुनिक साधनांवर होता. दाराच्या एका बाजूला एकशे नव्वद आणि दुसऱ्या बाजूला वीस, हे प्रमाण स्वतःच पुरेसे बोलके आहे.

६

बालकांच्या संस्थांच्या बाबतीत हीच अडचण अधिक नाजूक स्वरूपात आढळते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकास पोलीस कोठडीत किंवा कारागृहात ठेवण्यास त्याने मनाई केली आहे, आणि अपवादात्मक कारणे सोडता जामीन देणे हाच नियम ठरविला आहे. त्याच अधिनियमाने राज्यांवर प्रत्येक जिल्ह्यात किंवा जिल्हागटात निरीक्षणगृह स्थापण्याची जबाबदारीही टाकली आहे. दोन्ही तरतुदी परस्परविरोधी नाहीत. पण अनुदान त्यांच्याकडे सारख्याच नजरेने पाहत नाही. निरीक्षणगृहासाठी नकाशा असतो. पन्नास मुलांसाठी दोन शयनगृहे, दर मुलामागे ४० चौरस फूट, वर्गखोली, भोजनगृह, आजाऱ्यांची खोली असे नियमांत सविस्तर दिलेले आहे. मूल घरी राहावे ह्यासाठी मात्र नकाशा काढता येत नाही. त्यासाठी परिवीक्षा अधिकारी लागतो, आणि तो मुलाच्या वस्तीत वारंवार जावा लागतो.

इमारत संस्थेच्या हेतूहून अधिक काळ टिकते, ह्याचे उदाहरण मुंबईतच आहे. १८८२ मध्ये आगरकर व टिळक यांनी ज्या डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले आणि ज्यावर आगरकरांनी पुस्तक लिहिले, त्याच तुरुंगाच्या आवारात पुढे, १९२७ मध्ये स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीचे निरीक्षणगृह आले. कायदा बदलला, नाव बदलले, आत येणाऱ्यांचे वय बदलले; परंतु उंच भिंतींनी आणि अरुंद दारांनी सांगितलेली शिस्त सहजासहजी बदलत नाही. तेथे काम करणाऱ्या पिढ्यांनी त्या वास्तूला माणुसकी आणण्याचा प्रयत्न केला असला तरी त्यांना आधी वास्तूशीच झगडावे लागले असणार. आज बांधली जाणारी प्रत्येक निरीक्षणगृहाची इमारत पुढील शंभर वर्षांच्या धोरणावर असेच ओझे टाकणार आहे, हे अनुदान मंजूर करताना ध्यानात ठेवले पाहिजे.

बालकांच्या क्षेत्रात अनुदानाची दुसरी वाट प्रत्यक्ष अस्तित्वात आहे, ही समाधानाची गोष्ट होय. २००९-१० पासूनच्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेत आणि तिच्या जागी आलेल्या मिशन वात्सल्यमध्ये संस्थांबरोबरच मुलास कुटुंबात ठेवण्यासाठीही अर्थसाहाय्य आहे. मिशन वात्सल्यच्या २०२२ च्या सूचनांत ते दरमहा ४,००० रुपये ठरविण्यात आले. हे साहाय्य मुख्यतः संरक्षणाची गरज असलेल्या बालकांसाठी आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकांच्या बाबतीत त्याच तत्त्वाचा विस्तार फारसा झालेला नाही. तरी पैसा भिंतीऐवजी माणसाच्या मागे जाऊ शकतो, आणि त्याचा हिशेबही ठेवता येतो, एवढे त्यावरून सिद्ध होते.

७

ह्यावर असा आक्षेप घेतला जाईल की कायद्याच्या सुधारणेस वेळ लागतो, न्यायालयांची गती कोणाच्या हाती नाही, आणि दरम्यान आज रात्री जे बंदी दाटीवाटीने झोपणार आहेत त्यांना तत्त्वचर्चेचा उपयोग नाही. आक्षेप खरा आहे. पडक्या बराकी दुरुस्त झाल्याच पाहिजेत. स्त्री-बंद्यांसाठी व त्यांच्यासोबतच्या लहान मुलांसाठी योग्य जागा झालीच पाहिजे. परंतु हाच आक्षेप २००२ मध्येही घेता आला असता. तेव्हा ‘दरम्यान’ म्हणून केलेल्या उपायानंतर वीस वर्षांनी आकडा पुन्हा शंभरास एकशे एकतीसवर उभा होता. जो उपाय पुनःपुन्हा तात्पुरता म्हणून करावा लागतो, त्याच्या तात्पुरतेपणाची शंका घेणे आवश्यक ठरते.

कारागृहाची जागा म्हणजे भिंतच असली पाहिजे असेही नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूरची मुक्त वसाहत निघाली. तेथे बंद्यांना शेतीवर ठेवण्यात आले. त्या प्रयोगावरून सुचलेल्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ ह्या चित्रपटामुळे तो सर्वत्र माहीत झाला. शिक्षा भोगणाऱ्यांसाठीचा हा मार्ग न्यायाधीनांना लागू पडत नाही. तरी बंद्यांची संख्या आणि बांधकामाचे क्षेत्रफळ ह्यांचा संबंध अपरिहार्य नाही, हे तो दाखवितो.

तेव्हा अनुदान बंद करावे असा निष्कर्ष निघत नाही. त्याचे माप बदलावे असा निघतो. नव्या बांधकामास मंजुरी देण्यापूर्वी त्या जिल्ह्यातील न्यायाधीन बंद्यांपैकी किती जण जामीन मंजूर होऊनही केवळ पैशाअभावी आत आहेत, किती जण कायद्याने सुटकेस पात्र झाले आहेत, आणि न्यायाधीन बंद्यांच्या आढावा समितीने त्यांची प्रकरणे पाहिली आहेत काय, हे राज्याने दाखवावे. मंजूर पदे भरल्यावाचून वाढीव क्षमता ‘पूर्ण’ म्हणून नोंदली जाऊ नये. बालकांच्या बाबतीत प्रत्येक नव्या निरीक्षणगृहाबरोबर त्या जिल्ह्यातील परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या वेतनाची तरतूद त्याच अनुदानात व्हावी. ह्या अटी घालण्यास संविधानाचा अडथळा नाही, कारण देणाऱ्यास अटी घालण्याचा अधिकार ह्या योजनांत पूर्वीपासूनच मानलेला आहे. आजवर त्या अटी सिमेंट व पोलाद यांविषयी होत्या. त्या माणसांविषयी व्हावयास हव्यात.

मोतीरामच्या खटल्यातील गवंड्यास भिंत बांधता येत होती. दहा हजार रुपये उभे करता येत नव्हते. अशा माणसासाठी राज्याने दुसरी भिंत बांधावी की त्याचा जातमुचलका स्वीकारावा, हा अखेर खर्चाचा प्रश्न नसून न्यायाचा आहे. योगायोगाने त्याचे न्याय्य उत्तरच अधिक स्वस्त आहे.